‘नाही’ लिहिलेली वर्षं

नुसत्या डिव्हिडंड यील्डच्या आकड्यावर माझा कधीच भरवसा बसला नाही. गेल्या बारा महिन्यांत कंपनीनं दर शेअरमागे जेवढा लाभांश दिला त्याला आजच्या भावानं भागायचं, शंभरानं गुणायचं, झालं यील्ड. १०० रुपयांच्या शेअरवर ४ रुपये मिळाले तर ४ टक्के. तोच शेअर घसरून ५० वर आला की ८ टक्के. कंपनीनं एक पैसाही जास्त दिलेला नसतो. उलट बाजाराला तिच्याबद्दल काहीतरी खटकलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच ती ‘भरघोस लाभांश देणाऱ्या शेअर’च्या यादीत वर चढते. ही यादी मग फोनवरून फिरते. आमच्या बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुऱ्यातल्या मराठी घरांत ती हल्ली फारच फिरते, कारण या घरांत आता निवृत्त माणसंच जास्त उरली आहेत. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर कॅनडात. मुदत ठेवीचं व्याज महागाईला पुरत नाही आणि दुपार रिकामी असते.

मी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्याचे हिशेब बघते, म्हणून नात्यातली, ओळखीची मंडळी अशा याद्या घेऊन माझ्याकडे येतात. ‘हा बघ, बारा टक्के देतोय. बँक सात देते.’ या वाक्यात ‘देणं’ दोन्हीकडे सारखंच वाटतं, पण बँक देते तो करार असतो आणि कंपनी देते ती तिची मर्जी. ठेवीचं व्याज बँकेला चुकवता येत नाही. साध्या समभागावर लाभांश दिलाच पाहिजे असं कुठलाही कायदा म्हणत नाही. संचालक मंडळ शिफारस करतं, वार्षिक सभेत भागधारक ती मंजूर करतात, आणि शिफारशीपेक्षा एक रुपया जास्त द्या असं भागधारकांना म्हणता येत नाही. वर्षाच्या मधेच द्यायचा अंतरिम लाभांश तर मंडळ स्वतःच जाहीर करून मोकळं होतं. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १२३ चा भर एवढ्यावरच आहे की द्यायचा तर तो नफ्यातून द्या, या वर्षीच्या किंवा मागच्या साठलेल्या.

मर्जीचा अंदाज बांधायचा तर वागणूक बघावी लागते. वाड्यातली खोली भाड्यानं देताना आपण भाडेकरूला फक्त ‘भाडं किती देणार’ एवढंच विचारत नाही. आधीच्या घरी भाडं कधी थकलं होतं का, थकलं तर का, आणि मग ते कसं फेडलं, याची चौकशी करतो. लाभांशाच्या इतिहासात मी हेच शोधते. दहा-पंधरा वर्षांचे आकडे समोर आले की लोकांची नजर सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाते. माझी आधी शून्यावर जाते.

ही सवय मला अप्पांमुळे लागली. माझ्या वडिलांची शेअरची वही माझ्याकडे आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, आत फिकट निळ्या रेघा. त्यांनी शेअर घ्यायला सुरुवात केली ती सत्तरच्या दशकात. परकीय चलनाबद्दलच्या १९७३ च्या फेरा कायद्यामुळे बऱ्याच परदेशी कंपन्यांना इथला आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा लागत होता, त्यांनी लोकांसाठी शेअर काढले, आणि कोणत्या भावानं काढायचे ते दिल्लीचं भांडवल नियंत्रकांचं कार्यालय ठरवी. ते भाव पगारदार माणसाला झेपतील असे असत. अप्पांसारख्या कितीतरी जणांनी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर शेअर असे घेतले आणि पेटीत ठेवून दिले. अप्पांनी मात्र त्याबरोबर वही ठेवली. कंपनीचं नाव, शेअर किती, दर्शनी किंमत (शेअरवर छापलेली मूळ किंमत), दर शेअरी लाभांश, वॉरंटचा (लाभांशाच्या चेकसारख्या कागदाचा) नंबर, बँकेत भरल्याची तारीख, आणि शेवटचा रुंद रकाना ‘शेरा’. वॉरंटची स्थळप्रत त्या-त्या पानाला टाचणीनं लावलेली. टाचण्या गंजून कागदावर तांबूस भोकं पडलीत.

लाभांश न आलेल्या वर्षीची ओळ अप्पा गाळत नसत. रकमेच्या रकान्यात ‘नाही’ आणि शेऱ्यात कारण. यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या पानावर सलग तीन ओळी अशा आहेत: ‘नाही. संप.’ ‘नाही. कर्ज फेडले.’ ‘नाही. नवीन शेड.’ त्यानंतर दर शेअरी ८० पैसे, मग १ रुपया २० पैसे, मग वाढतच गेलेले आकडे. दोन-तीन पानं उलटली की एका कापड गिरणीचं पान येतं. तिचा लाभांश दरवर्षी अगदी तेवढाच, न चुकता. कापडाला उठाव नव्हता त्या वर्षी तेवढाच, कामगारांचा पगार थकल्याच्या बातम्या होत्या त्या वर्षीही तेवढाच. तिथं एका ओळीच्या शेऱ्यात अप्पांनी बारीक अक्षरात लिहिलंय, ‘यंदाही तेवढाच. कसा?’ त्यापुढच्या ओळींत फक्त ‘नाही’, आणि मग पान कोरं. गिरणी बंद पडली.

त्या ‘कसा?’ या एका शब्दात लाभांश तपासण्याचं जवळजवळ सगळं शास्त्र आहे असं मला मनापासून वाटतं. न देणारी प्रत्येक कंपनी चांगली आणि सातत्यानं देणारी वाईट, असा याचा अर्थ अजिबात नाही. सातत्य ही मोठीच गोष्ट आहे. पण ते कमाईतून आलेलं सातत्य आहे की भागधारकांना गप्प ठेवण्यासाठी राखलेलं, हे लाभांशाच्या रकान्यावरून कळत नाही. त्यासाठी शेजारचे रकाने वाचावे लागतात.

इतिहास वाचताना आणखी एक गोष्ट आधी निस्तरावी लागते, ती म्हणजे टक्के. जुन्या बातम्यांत आणि काही ठिकाणी अजूनही ‘अमुक कंपनीचा ४०० टक्के लाभांश’ असं छापून येतं. हे टक्के दर्शनी किमतीवरचे. दर्शनी किंमत १ रुपया असेल तर ४०० टक्के म्हणजे ४ रुपये, आणि बाजारभाव ८०० असेल तर हाती पडणारं यील्ड अर्धा टक्का. शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीनं बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना लाभांश दर शेअरमागे रुपयांतच जाहीर करायला लावलं आहे ते याचसाठी. शेअरचं विभाजन झालं (एका शेअरचे अनेक झाले) किंवा बोनस (फुकट शेअर) मिळाला की जुने आकडे नव्या मापात आणल्याशिवाय तुलना करता येत नाही, हेही तसंच.

यासाठी बडोद्याच्या माणसासमोर बँक ऑफ बडोदाचा इतिहास ठेवावा. १९०८ साली सयाजीराव महाराजांच्या पुढाकारानं इथे सुरू झालेली, १९६९ साली राष्ट्रीयीकरण झालेली, १९९६ च्या अखेरीस शेअर बाजारात आलेली बँक. आमच्याकडे तिचं नाव घरातल्या माणसासारखं घेतात, म्हणून तिचे आकडे लोक लक्ष देऊन ऐकतात. २०१३-१४ सालचा तिचा लाभांश दर शेअरी २१ रुपये ५० पैसे होता. २०१४-१५ सालचा ३ रुपये २० पैसे. नुसती यादी वाचणाऱ्याला वाटेल की कोसळलाच. पण मध्ये, जानेवारी २०१५ मध्ये, १० रुपये दर्शनी किमतीच्या एका शेअरचे २ रुपयांचे पाच झाले होते. म्हणजे २१.५० ला पाचानं भागायचं, ४.३० येतात. ४.३० वरून ३.२० ही घट खरी आहे, पण ती कोसळण नव्हे. नफाही त्या वर्षी ४,५४१ कोटींवरून ३,३९८ कोटींवर आला होता.

खरी गोष्ट त्याच्या पुढे आहे. २०१५-१६: लाभांश नाही. रिझर्व्ह बँकेनं त्या वर्षी बँकांच्या कर्जांची कडक तपासणी केली, लपून बसलेली थकीत कर्जं वर आली, आणि बँक ऑफ बडोदाला ५,३९६ कोटींचा तोटा दाखवावा लागला. २०१६-१७: १ रुपया २० पैसे. त्यानंतर २०१७-१८ पासून २०२०-२१ पर्यंत सलग चार वर्षं काही नाही. या चार वर्षांत विजया आणि देना बँक तिच्यात विलीन झाल्या (१ एप्रिल २०१९), आणि करोनाचं वर्ष आलं. त्या वर्षीची ओळ मात्र वेगळी वाचायला हवी, कारण एप्रिल २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं सगळ्याच बँकांना २०१९-२० च्या नफ्यातून यापुढे लाभांश द्यायला मनाई केली होती. ज्या बँकांकडे देण्यासारखं भरपूर होतं त्यांतल्याही बऱ्याच जणींच्या पानावर त्या वर्षी ‘नाही’च आहे. मग २०२१-२२ साली २.८५, पुढे ५.५०, मग ७.६०, आणि २०२४-२५ साठी ८ रुपये ३५ पैसे.

या एका पानावरून मी दोन गोष्टी शिकले. एक अशी की लाभांश नफ्याच्या किती टक्के आहे, हे प्रमाण कमी असलं म्हणजे लाभांश सुरक्षित, हा सर्वमान्य नियम बँकांना नीट लागू पडत नाही. २०१३-१४ मध्ये बँक नफ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा वाटत होती. कुठल्याही पुस्तकी मोजमापानं तो लाभांश भक्कम होता. तरी दोन वर्षांत तो शून्यावर आला, कारण बँकेचा नफा हाच मुळात एक अंदाज असतो: किती कर्जं परत येतील याचा. तो अंदाज चुकला की आधीच्या वर्षांचा नफाही चुकलेलाच असतो. म्हणून बँकेच्या बाबतीत मी लाभांशाच्या आधी थकीत कर्जाचं निव्वळ प्रमाण (बुडितासाठी बाजूला ठेवलेली रक्कम वजा करून उरणारं) बघते, आणि ते कमी होत आलंय की वाढत आलंय ते बघते.

दुसरी गोष्ट यील्डची. २०२० च्या मध्याला या शेअरचा भाव ४०-५० रुपयांच्या घरात होता. तेव्हा यील्डच्या कुठल्याही यादीत तो नव्हताच, असणार कसा, लाभांशच शून्य. त्या भावात घेतलेल्या माणसाला २०२४-२५ चे ८.३५ रुपये म्हणजे खरेदीभावावर १६ टक्क्यांहून जास्त पडले. भाव २४० धरला तर नव्यानं घेणाऱ्याला साडेतीन टक्केही जेमतेम. २०२० मध्ये तो घ्यायलाच हवा होता असं मी म्हणत नाही. त्या वर्षी बँकांचं काय होणार हे कुणालाच दिसत नव्हतं. मला एवढंच दाखवायचंय की यील्डची चाळणी लावणाऱ्याच्या हाती मागचं वर्ष लागतं, पुढचं नाही.

आता उलट बाजू. आयटीसीचा शेअर आमच्याकडे जवळपास प्रत्येक निवृत्ताकडे आहे, आणि तिच्या लाभांशाचा इतिहास वाचायला सोपा वाटतो. २०१८-१९ मध्ये ५.७५ रुपये, २०१९-२० मध्ये एकदम १०.१५. मग १०.७५, ११.५०, १५.५०, आणि २०२३-२४ मध्ये १३.७५. यात दोन ठिकाणी थांबावं लागतं. पहिली उडी ५.७५ वरून १०.१५ ची. त्याच वेळी देशातला लाभांशावरचा कर बदलला. १९९७ पासून, मधलं एक वर्ष सोडलं तर, कंपनीच लाभांश वितरण कर भरायची आणि आपल्या हाती येणारी रक्कम करमुक्त असायची. शेवटी-शेवटी तो कर अधिभार धरून २०.५६ टक्क्यांपर्यंत गेला होता. १ एप्रिल २०२० पासून तो गेला आणि लाभांश आपल्या उत्पन्नात मिळवून आपण आपल्या दरानं कर भरायचा अशी पद्धत परत आली. म्हणजे १०.१५ हे कर भरण्याआधीचे रुपये आहेत आणि ५.७५ हे कर भरून झाल्यानंतरचे. त्या वर्षी कंपनीनं नफ्यातला वाटाही खूप वाढवला, पण सगळी उडी तिच्या खात्यावर मांडणं बरोबर नाही. २०२० च्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकाच आलेखावर काढून ‘वाढीचा दर’ काढणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. तीस टक्के कराच्या गटात बसणाऱ्यासाठी आणि कर न लागणाऱ्या आजीसाठी तो आलेख एकच कसा असेल?

दुसरी जागा २०२२-२३ चे १५.५०. त्यानंतर १३.७५ दिसले की लोक म्हणतात, कमी केला. पण १५.५० मधले २.७५ हा खास लाभांश होता, एकदाच द्यायचा म्हणून सांगून दिलेला. तो बाजूला ठेवला तर रांग होते ११.५०, १२.७५, १३.७५, आणि २०२४-२५ मध्ये १४.३५. खास लाभांश वेगळा काढून ठेवणं हे पाच मिनिटांचं काम आहे, तेवढ्यात इतिहासाचा सूरच बदलतो. यील्ड दाखवणाऱ्या बहुतेक जागी मात्र तो नेहमीच्या लाभांशात मिसळूनच मोजलेला असतो.

मिसळून मोजल्यानं काय होतं याचं टोकाचं उदाहरण वेदान्ताचं. २०२२-२३ या एका वर्षात या कंपनीनं पाच वेळा अंतरिम लाभांश दिला, मिळून १०१ रुपये ५० पैसे. मार्च २०२३ अखेर शेअरचा भाव २७५ च्या आसपास. यील्ड ३६ टक्क्यांच्या वर. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका तो आकडा वहीच्या कागदावर लिहून घेऊन आले होते. त्या वर्षी कंपनीनं वाटलेली रक्कम तिच्या भागधारकांच्या वाट्याला आलेल्या एकत्रित नफ्याच्या तिपटीहून जास्त होती. लंडनच्या मूळ कंपनीला आपली कर्जं फेडायची होती आणि तिच्याकडे इथले दोन-तृतीयांशाहून जास्त शेअर होते. लाभांश हा तिच्यापर्यंत पैसा पोचण्याचा सरळ रस्ता होता. यात बेकायदा काही नाही. छोट्या भागधारकालाही शेअरमागे तेवढेच पैसे मिळाले. पण ‘दरवर्षी ३६ टक्के’ असं त्यातून कुणी वाचलं तर ते आकड्यानं सांगितलेलं नव्हतं. पुढच्या वर्षी २९ रुपये ५० पैसे मिळाले. शेअरचा भाव नंतर चांगला वाढला हेही सांगायला हवं. ज्यांनी धातूंचा धंदा समजून घेऊन तो ठेवला त्यांचं वाईट झालं नाही. काकांना मी तेव्हा एकच विचारलं होतं: देणाऱ्याला स्वतःला या पैशाची गरज कशासाठी आहे? बहुतांश मालकी एका हाती असेल तिथे, मग मालक सरकार असो की कुणी उद्योगपती, हा प्रश्न विचारावाच. सरकारलाही अर्थसंकल्प जुळवायचा असतो.

अप्पांच्या ‘कसा?’चं उत्तर आता घरबसल्या मिळतं, आणि याचा मला फार आनंद वाटतो. त्यांना वार्षिक अहवाल पोस्टानं यायचा, तोही कधी यायचा, कधी नाही. आता पंधरा वर्षांचे अहवाल फोनवर उतरवून घेता येतात. त्यातलं रोख प्रवाह पत्रक उघडायचं. नफा-तोटा पत्रकाच्या आधी हे. त्यात तीन ओळी: धंद्यातून प्रत्यक्ष आलेली रोकड, यंत्रसामग्री आणि बांधकामावर गेलेली रोकड, आणि खाली वित्तीय व्यवहारांच्या भागात वाटलेला लाभांश. पहिलीतून दुसरी वजा करा. उरलेल्यातून लाभांश निघतोय का? दहा वर्षांची बेरीज करून बघा, कारण एखाद्या वर्षी मोठा कारखाना बांधला तर उरत नाही आणि त्यात काळजीचं काही नसतं. दहा वर्षं मिळूनही निघत नसेल, आणि त्याच भागात ‘घेतलेली कर्जं’ ही ओळ दरवर्षी फुगत असेल, तर लाभांश उसन्या पैशातून येतोय.

आत्याच्या फायलीत अशी एक कंपनी निघाली. आत्या दांडिया बाजारात राहते, मराठी शाळेतून निवृत्त झाली, आतोबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्या कंपनीचा लाभांश दरवर्षी पन्नास पैशांनी वाढत होता आणि यील्ड साडेसहाच्या आसपास, आत्याची ती लाडकी. आम्ही दोघींनी एका रविवारी बसून तिच्या रोख प्रवाहाच्या ओळी मांडल्या. धंद्यातून आलेली रोकड नफ्याच्या निम्मीही नव्हती. बाकीचा नफा गिऱ्हाइकांकडे येणं म्हणून अडकलेला, येणं दरवर्षी वाढणारं, आणि लाभांशाच्या जवळपास बरोबरीनं वाढलेलं अल्प मुदतीचं कर्ज. आत्यानं चष्मा काढून पुसला, परत घातला, ती ओळ बोटानं पुन्हा वाचली आणि म्हणाली, ‘म्हणजे व्याजानं पैसे काढून मला ओवाळणी घालतायत.’ तिनं तो शेअर विकला. पुढे त्या कंपनीचं काय झालं याला माझ्या मते महत्त्व नाही; ती सावरलीही असेल. तिच्या वयात, तिच्या गरजेत, एवढं दिसल्यावर थांबायचं कारण नव्हतं.

आत्याच्या त्याच फायलीत एक जाड पाकीट होतं, आणि त्यासाठी आमच्या कितीतरी दुपारी गेल्या. आतोबांच्या नावावरचे कागदी शेअर. पत्ता जुन्या वाड्याचा, जो पाडून तिथे आता इमारत उभी आहे. लाभांशाची वॉरंटं त्या पत्त्यावर जात राहिली आणि कुणी भरली नाहीत. कायदा असा आहे की न उचललेला लाभांश कंपनी वेगळ्या खात्यात ठेवते, आणि सात वर्षं तो तिथे पडून राहिला की तो गुंतवणूकदार शिक्षण आणि संरक्षण निधीत जातो. लोकांना इथपर्यंत ठाऊक असतं. सलग सात वर्षं लाभांश उचलला नाही तर तो शेअरसुद्धा त्या निधीच्या नावावर जातो, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक आहे. पैसे बुडत नाहीत, आयईपीएफ-५ हा त्या निधीचा अर्ज भरून परत मागता येतात, पण मृत्युदाखला, वारसाचे कागद, कंपनीच्या रजिस्ट्रारकडची पडताळणी, सहीचा नमुना, असं सगळं करता-करता माणूस थकतो. मराठी घरांत हे पाकीट जवळजवळ प्रत्येक कपाटात आहे. लाभांशाचा इतिहास तपासायचाच असेल तर त्याची सुरुवात स्वतःच्या बँकेच्या पासबुकापासून करावी: जो जाहीर झाला तो आपल्या खात्यात जमा झाला का?

कराचं थोडक्यात. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० रुपयांवर लाभांश गेला (एप्रिल २०२५ च्या आधी ही मर्यादा ५,००० होती) की कंपनी १० टक्के कर कापूनच देते, पॅन जोडलेला नसेल तर २० टक्के. आत्याला एकूण कर लागत नाही, म्हणून गेल्या वर्षी तिचे १५-एचचे अर्ज वेळेत भरले आणि कापलं गेलं नाही. आणि रेकॉर्ड डेटच्या (त्या तारखेला शेअर ज्याच्या नावावर, लाभांश त्याला) आदल्या दिवशी शेअर घ्यायचा, लाभांश खिशात टाकायचा आणि विकायचा, असा बेत जे करतात त्यांना मी कागदावर मांडून दाखवते: त्या तारखेला सकाळी भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो, मिळालेल्या लाभांशावर कर बसतो, दलाली जाते ती वेगळीच. मधून मिळतं काय?

यापेक्षा मोठा प्रश्न पुन्हा यील्डचाच आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ८.२ टक्के मिळत असताना साडेतीन-चार टक्क्यांच्या लाभांशासाठी शेअर का ठेवायचे, असं आत्यानं मला सरळ विचारलं. मला हा प्रश्न फार आवडला, कारण यादी पाठवणारं कुणी तो विचारत नाही. योजनेतले ८.२ टक्के मुद्दलावर पाच वर्षं तेवढेच राहतात. चांगल्या कंपनीचे साडेतीन टक्के पाच वर्षांनी तुमच्या खरेदीभावावर पाच-साडेपाच होऊ शकतात, दहा वर्षांनी त्याहून जास्त. किंवा शून्य होऊ शकतात. पहिल्यात आज आहे, दुसऱ्यात उद्याची शक्यता आहे. ज्या पैशावर किराणा, औषधं आणि बाईचा पगार चालतो तो पैसा शक्यतेवर ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आत्याचा महिना पेन्शन आणि बचत योजनेच्या तिमाही व्याजावर भागतो. लाभांश जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान येतो, त्यातून ती आरोग्यविम्याचा हप्ता भरते आणि उरलं तर घराची डागडुजी. एखाद्या कंपनीनं एखाद्या वर्षी दिला नाही तर तिची झोप उडत नाही. त्यामुळे ती लाभांश न देणाऱ्या कंपनीवरही चटकन रुसत नाही, कारण विचारते.

तिनं आता स्वतःची वही सुरू केली आहे, मोबाइलवर नाही, कागदावर. तिच्या वहीत मी एक रकाना वाढवायला लावला, रोकड उरली किती त्याचा. आठ कंपन्या आहेत. पाच तपासून झाल्या, त्यांतल्या चार ठेवल्या. उरलेल्या तिनांपैकी एक रसायनांची आहे, सध्या तिचं यील्ड सात टक्के दिसतंय आणि वरच्या मजल्यावरच्या काकांनी तिची फार शिफारस केली आहे. गेल्या आठवड्यात आत्याचा फोन आला.

‘अगं, त्या रसायनवालीचं काय ठरलं? काका रोज विचारतात.’

‘चार वर्षांचे अहवाल वाचून झाले, आत्या. सहा राहिलेत. लाभांश दरवर्षी दिलाय, गाळलेला नाही.’

‘२०२० सालीसुद्धा?’

‘२०२० सालीसुद्धा. आदल्या वर्षीइतकाच.’

‘मग आधी तेच साल उघड,’ ती म्हणाली. ‘कारखाना बंद होता ना दोन महिने?’